चोपणीला सापडलेला पाट

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. रत्नागिरीहून आलेल्या ओव्हरसियरसाहेबांनी खिशातलं घड्याळ काढून "नऊ दहा झाले, जरा हात उचला बायांनो," असं म्हटलं, म्हणून मला ही वेळ ठाऊक. नाहीतर आम्हा लाकडांना वेळ कुठली कळते! त्यांचं बोलणं संपतं न संपतं तोच मी जमिनीवर आपटले आणि खालून भलताच आवाज आला. मला धरलेला राहीचा हात तसाच वर थांबला. सगळं तिथून सुरू झालं.

मी चोपणी बोलतेय. नवं खळं घालताना, अंगण करताना माती शिंपून ठोकून ठोकून सपाट करतात ना, ती लाकडाची चोपणी. एका बाजूला मुठीत मावेल असा दांडा, पुढे जाड रुंद पाठ. मी काही देखणी नाही. माझ्या मालकिणीनं, सोनूबाईनं, मला हातात घेऊन एकदा म्हटलं होतं, "ही चोपणी नि आमची थोरली नणंद, दोघींची तोंडं सारखीच." नणंद मागच्या दारात उभी होती. पुढे कितीतरी दिवस ती सोनूबाईच्या घरी पाणीसुद्धा प्यायली नाही.

माझं लाकूड किंजळीचं. गाव खैरकोंड, पालीहून आत, डोंगराच्या कुशीत. भागोजी सुतार सोनूबाईच्या दाराची चौकट करत होता. उरलेला तुकडा त्यानं बोटांनी ठोकला, कानाशी धरला आणि म्हणाला, "हा जळणात नको टाकू वयनी. याचा आवाज चांगला हाय." माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदा चांगलं बोललं ते असं, आवाजाबद्दल.

पाऊस सरला, भात पिवळं झालं की मी माळ्यावरून खाली येते. बाया ओळीनं उकिडव्या बसतात आणि चोपत चोपत मागे सरकतात. हात चालतात तशी तोंडंही चालतात. कुणाच्या सुनेची चहाडी असली की ठोके भराभर पडतात. मुंबईला गेलेल्यांची आठवण निघाली की ठोके मंद होतात. खळं झालं, सारवलं, की मी पुन्हा माळ्यावर, धुरात, झुरळांच्या सोबतीला.

इतकी वर्षं जमिनीवर डोकं आपटून मला एक गोष्ट कळली. माणसं जन्मभर तिच्यावरून चालतात, पण बाई, तुझ्या पोटात काय आहे, असं तिला कुणी विचारत नाही. मी विचारते. आणि ती उत्तर देते हो! खाली कातळ असला तर 'ठण्ण'. भरावाची माती असली तर 'धप्प'. पोकळी असली तर आवाज खोल जातो, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा.

सोनूबाईचे गुडघे धरले तशी मी तिच्या सुनेकडे, राहीकडे आले. राहीचा नवरा मुंबईला गिरणीत. पदरात जनी, अजून वर्षाची नाही झालेली. जनीला झाडाच्या फांदीला झोळीत टाकून राही कामाला बसायची, पण कान झोळीकडे. जनी शिंकली तरी माझा ठोका चुकायचा. सोनूबाई म्हणायची, "अगो शिंकली ती, तोफ नाय सुटली!"

पण राहीच्या काळजीला कारण होतं. जनीच्या आधीचा मुलगा तापानं फणफणला तेव्हा त्याला बैलगाडीत घालून रत्नागिरीला न्यायला निघाले होते. पाली मागे पडली, आणि मग गाडी परत वळली. यापुढचं मी सांगत नाही. ज्या आया आहेत त्यांना कळलं असेल.

म्हणून एकोणीसशे बत्तीस साली, आमच्या खैरकोंडात दवाखाना व्हायचा असं ठरलं तेव्हा राहीला आभाळ ठेंगणं झालं. दवाखाना, आणि त्यात राहायला डॉक्टर!

जागा मिळाली देवळामागच्या माळावर. आणि त्याच माळाच्या पोटातून आमच्या वाडीचा पाट जातो. वरच्या झऱ्याचं पाणी खाली आणायला कुणा पूर्वजांनी कातळात पाट कोरला, त्यावर चिरे झाकले आणि वर माती लोटली. वाडीत ते पाणी दगडी डोणीत पडतं. चैत्र-वैशाखात विहिरी तळ दाखवतात, पण डोण कधी थांबत नाही. वाडीतलं एकेक पोर त्या पाण्यावर वाढलंय.

आता बघा पेच. पाया खणताना पाट फुटला तर वाडीचं पाणी गेलं. पाटाच्या भीतीनं जागा नाकारली तर दवाखाना गेला, कारण तो मागायला दुसरी गावं टपून बसलेली. गावातले काही म्हणत, पाणी राखू. काही म्हणत, दवाखाना घेऊ. राहीला दोन्ही हवं होतं. पोराला पाजायला पाणी हवं, आणि पोर तापलं तर दाखवायला डॉक्टर हवा. यातलं एक सोड असं कुठल्या आईला सांगणार?

पाट नक्की कुठून जातो हे कुणी पाहिलं नव्हतं, पण माहीत मात्र सगळ्यांना होतं! शिमग्याला देवाची पालखी माळावरून ज्या वाटेनं खाली येते, तिच्या खाली पाट. देव पाण्याच्या माथ्यावरून चालतो, अशी गावाची श्रद्धा. त्या वाटेवर कुणी कुदळ मारत नसे, खांब पुरत नसे. आप्पा गावकर म्हणजे गावाचे मानकरी. त्यांनी काठीनं ती वाट ओव्हरसियरसाहेबांना दाखवली. "ही बघा. वाडवडलांपास्नं हीच."

ओव्हरसियर भिकाजीराव माणूस फार नेमका. मोजणीची साखळी ओढून, झेंड्या रोवून, दुर्बिणीला डोळा लावून त्यांनी माळाचा कोपरान् कोपरा नकाशावर उतरवला. पालखीची वाट आखली, तिच्यापासून भरपूर अंतर सोडलं आणि इमारतीच्या चारी कोपऱ्यांना खुंट्या मारल्या. त्यांच्या मापात केसाएवढी चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी पायाभरणीचा मुहूर्त. आदल्या सकाळीच पूजेसाठी खुंट्यांच्या आतली जमीन चोपून सारवायला आम्हाला बोलावलं होतं. आणि तिथे, कोपऱ्यातल्या खुंटीला लागून, मी आपटले ती 'ढब्ब' करून.

राहीनं वीतभर सरकून मारलं. 'धप्प'. परत पहिल्या जागी. 'ढब्ब'.

"आई," ती सासूच्या कानाशी लागली, "हितं खाली पोकळ हाय."

"असंल. घूस असंल."

"घूस नाय वो. आवाज लांब धावतोय. पाट तर नसंल?"

"गप गो! पुरुष मंडळी बसलीत. पाट तिकडं, पालखीच्या वाटेखाली. देव काय आंधळा हाय?"

राहीनं मला पुन्हा उचललं. सुनेनं गावकरांसमोर तोंड उघडायचं नाही, ही रीत. पण हाताला कुठे रीत असते? बाकीच्या बाया चोपत मागे सरकल्या आणि राही तिथल्या तिथे मला मारत राहिली, मारत राहिली. शेवटी भिकाजीरावच म्हणाले, "त्या बाई एकाच जागी का ठोकतायत?"

सोनूबाईनं पदर सावरला. सुनेला चार शब्द सुनवावेत असं तिच्या मनात असणार. पण तिनं राहीचा चेहरा बघितला, तिकडे झोळीकडे बघितलं, आणि म्हणाली, "साहेब, माज्या सुनेला हितं पाट ऐकू येतो."

माळावर हशा पिकला. आप्पा काठी टेकून म्हणाले, "सोनूबाय, कान कुणाला फुटले, सुनेला की चोपणीला? वाडवडील खोटे नि हे लाकूड खरं?"

भिकाजीराव हसले नाहीत. पाटलोणीची पर्वा न करता गुडघ्यावर बसले. "मारा बघू." राहीनं मारलं. इथं एकदा, तिथं एकदा. त्यांनी कान दिला. "फरक आहे खरा. कशाचा ते मला सांगता यायचं नाही." मग ते आप्पांकडे वळले. "गावकर, मी वाट मोजली. पाट मोजलेला नाही. पाट स्वतः पाहिलेला कुणी आहे?"

आप्पांनी काठी पुन्हा पालखीच्या वाटेकडेच दाखवली.

"मग मुहूर्त पुढे ढकला. कुदळ लागायच्या आधी बघून घेऊ."

मला त्या क्षणी काय वाटलं म्हणून सांगू! जन्मभर खळी चोपली. कुणी माझा आवाज ऐकायला गुडघे टेकले नव्हते.

मग काय विचारता, सगळा माळच आम्ही चोपायला घेतला. भिकाजीरावांनी आडव्या दोऱ्या ताणून दिल्या. दोरीमागून दोरी, बाया ओळीनं ठोकत निघाल्या. जिथं आवाज खोल गेला तिथं राखेची चिमूट टाकायची. दुपार कलली तेव्हा माळावर राखेचे ठिपके दिसायला लागले. काही खुंट्यांच्या आत तिरपे गेलेले, काही एका बाजूला घोळक्यानं.

घोळक्यातला आवाज सगळ्यात मोठा. तिथं आधी खणायचं ठरलं. पहार नको, टिकाव नको, खुरप्यानं हळूहळू. माती निघाली, कातळ लागला, कातळात भोक. आत हात घातला तर साळिंदराचे काटे!

"घ्या!" आप्पा म्हणाले, "हाच तुमचा पाट. पाणी सगळं साळिंदर पिऊन गेलं."

लोक पोट धरून हसले. राहीनं मान खाली घातली. तिच्या तळहाताचा घाम माझ्या दांड्याला लागत होता. जनी रडायला लागली तसं तिला निमित्त मिळालं. ती उठून झोळीकडे गेली आणि पाठ करून उभी राहिली. सोनूबाई मात्र तडकली. "हसायला काय झालं रे? तुमी एवढी वर्सं त्याच्यावरनं चालताव, बीळ तरी सापडलं काय कुणाला?"

भिकाजीराव खड्ड्याच्या कडेला बसून होते. "खड्डा चुकला तर बुजवता येतो," ते म्हणाले. "पाया चुकला असता तर वाडीला पाजलं काय असतं?" मग ते सोनूबाईला म्हणाले, "तुमच्या सुनेला विचारा. बीळ पोकळ, पाटही पोकळ. दोन्हींचा आवाज वेगळा कसा ओळखायचा?"

सोनूबाई झोळीपाशी गेली. सासू-सुनेची कुजबुज झाली. परत येऊन तिनं सांगितलं, "ती म्हणते, पाटात पाणी असतं. भरल्या घागरीचा नि रित्या घागरीचा आवाज एक नसतो."

भिकाजीराव ताडकन उठले. "मग पाणी थोडा वेळ बंद करू! पाणी चालू असताना ठोकायचं, बंद केल्यावर पुन्हा ठोकायचं. बिळाचा आवाज बदलायचा नाही. जिथला बदलेल तिथे पाट!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच वाडीतल्या बायांनी घागरी, हंडे, कळशा, अगदी ताकाचे डेरेसुद्धा भरून ठेवले. आम्ही राखेच्या एकेका ठिपक्यावर ठोकून आवाज कानात भरून घेतले. मग वाडीतला धाकू चिखल आणि चिरा घेऊन झऱ्यावर गेला. त्यानं पाटाचं तोंड बुजवलं आणि वरून हाळी दिली, "हूऽऽऽ!" खालून डोणीपाशी बसलेल्या बाईनं ओरडून सांगितलं, "थांबली गोऽऽ! धार थांबली!"

वाडीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. ती धार अखंड पडत असायची; थांबल्यावरच कळलं, केवढा आवाज होता तो.

राही आधी बिळापाशी बसली. ठोकलं. कालचाच आवाज. मग खुंटीपाशी आली. पदर खोचला. मला दोन्ही हातांत धरलं. मारलं.

'ढम्मऽऽ'.

"बदलला!" राही ओरडली. "साहेब, बदलला! पाट हितं हाय! हितंच हाय!"

सून गावकरांसमोर बोलली, ओरडलीच, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. कारण आप्पा स्वतः कानामागे हात धरून वाकले होते. "परत मार गो पोरी," ते म्हणाले.

ज्या ज्या ठिपक्यावर आवाज बदलला तिथं राखेवर चुना टाकला. चुन्याची पांढरी रेघ माळावरून तिरपी उतरली, ती थेट दवाखान्याच्या आखलेल्या दोन भिंतींना कापून गेली. भिकाजीरावांनी एकेक ठिपका साखळीनं मोजला, तोही देवळाच्या दीपमाळेपासून. "दीपमाळ काही चालत जात नाही," ते म्हणाले. मग रेघेवर एका जागी खुरप्यानं माती काढली. खाली घडीव चिरा. चिरा उचलला. आत पाट! ओला, शेवाळलेला, बोटभर गाळ बसलेला. कुणा पूर्वजाच्या टाकीचे घाव तळाला तसेच होते.

सोनूबाई वाकून बघत होती. तिची नजर रेघेबरोबर वर चढत गेली ती माळाच्या टोकाला, एका कुजक्या बुंध्यापाशी थांबली. "अगो बाय माजे!" ती बुंध्याकडे बोट करून म्हणाली. "मी लगीन होऊन आले तवा पालखी ह्याच अंगानं उतरायची. मग तो पिंपळ आडवा पडला. पिंपळाला देवाची पालखी ओलांडंल कशी? म्हणून वळसा घेतला. पुढच्या वर्सी पण वळसाच. मागनं पिंपळ कुजून गेला, वळसा तेवढा राहिला."

आप्पांनी जाऊन तो बुंधा काठीनं ठोकून बघितला. पिंपळ पडला तेव्हा ते दर्यावर होते, जहाजावर. परत आल्यावर जी वाट दिसली तीच त्यांनी वाडवडलांची मानली. "म्हंजे वाट पालखीनं बदलली," ते सावकाश म्हणाले, "पाटानं नाय."

पण खरी परीक्षा अजून व्हायची होती. धाकूनं झऱ्यावरचा चिरा काढला. पाणी सुटलं. आम्ही सगळे डोणीपाशी धावलो, राही जनीला काखोटीला मारून, दुसऱ्या हातात मी. डोण कोरडी. वाट बघितली. कोरडीच. चोपून चोपून वरचा एखादा चिरा आत बसला असेल तर? एक बाई म्हणाली, "आवाज ऐकता ऐकता पाणी घालवलंव की काय?"  राहीनं मला इतकं आवळून धरलं की मी लाकूड म्हणून वाचले.

तेवढ्यात वरून, उघड्या पाटाशी थांबलेल्या भिकाजीरावांचा आवाज आला. एवढा नेमका माणूस, टोपी हवेत हलवत पोरासारखा ओरडत होता, "आलं! आलं! खाली गेलं!"

डोणीच्या तोंडातून आधी वारा आला, मग पाचोळा, मग गढूळ पाणी. आणि मग धार. तीच ती, मनगटाएवढी, स्वच्छ. बायांनी अशी किंकाळी फोडली की देवळावरची कबुतरं उडाली. सोनूबाईनं ओंजळ भरून पहिलं पाणी जनीच्या डोळ्यांना लावलं, दुसरं राहीच्या, आणि तिसरं, खरं सांगते, माझ्या पाठीवर शिंपडलं.

भिकाजीरावांनी खुंट्या उपटल्या आणि इमारतीची अख्खी आखणी माळाच्या वरच्या अंगाला सरकवली. पाटाच्या रेघेवर जागोजागी खुणेचे दगड रोवले. मुहूर्ताला आप्पांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं, गावानं मागून साथ दिली. नारळ हातात घेऊन खणखणीत आवाजात म्हणाले, "बा देवा महाराजा! हितं जो दवाखाना उभा ऱ्हातोय त्याला यश दे!"

"व्हय महाराजा!"

"वाडीच्या पाण्याला धक्का लागू देऊ नको!"

"व्हय महाराजा!"

"आणि आमच्या पायाखाली काय हाय ते आमाला आधी ऐकू येऊ दे!"

"व्हय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज राहीचा होता.

दवाखाना झाला. जनीला पहिला ताप आला तेव्हा राही तिला उचलून चढ चढून गेली आणि संध्याकाळच्या आत औषध घेऊन परत आली. गाडी जुंपावी लागली नाही. दोन वर्षांनी राहीला मुलगा झाला तोही त्याच दवाखान्यात. बाळाच्या पहिल्या आंघोळीचं पाणी आमच्या डोणीतलं होतं.

आणि माझी, म्हणजे आमची, कीर्ती हो! पुढे भिकाजीरावांनी संगमेश्वराच्या बाजूला एका कामावर वाडीतल्या बायांना मुद्दाम बोलावून नेलं. तिथं राही दुर्बिणीशेजारी बसली आणि मोजणीदारांना सांगायची, "जरा थांबा, ऐकू द्या." पालीच्या बाजाराला कुणी विहीर खणायची गोष्ट काढली की दुसरा विचारायचा, "चोपून घेतलंस काय?"

आता अडतीस साल चालू आहे. कातळावर आपटून आपटून माझ्या पाठीला उभी चीर गेली आहे. माझा आवाज फुटला. भागोजीच्या लेकानं माझ्या मापाची नवी चोपणी केली, ती राहीच्या हातात असते. मी पडवीत खुंटीला टांगलेली. कधी कधी मुलं मला काढून घोडा करतात. मला वाईट वाटत नाही. ती मुलं धडधाकट आहेत, धावतायत, ओरडतायत, आणखी मला काय हवं?

एवढंच मागणं आहे. जमिनीत जे पुरलेलं असतं त्याला हाक मारता येत नाही. ते कुणाचं पाणी असेल, कुणाच्या लेकराचा घोट असेल. घर बांधा, रस्ता करा, दवाखाने तर जरूर बांधा, पण पहिली कुदळ मारायच्या आधी जमीन ठोकून बघा, म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि त्यांनी सांगितलेलंही एकदा तपासून घ्या. सापडलं की अशा वस्तूपासून मोजा जी जागची हलत नाही, आणि तिथे दगड रोवा. तो दगड कशाचा ते मुलांना सांगा, सुनांना तर आधी सांगा. आज पाण्याला जाल तेव्हा शेजारणीच्या कानावर घाला. ती तिच्या माहेरी सांगेल.